मोजणी

सव्वीस वर्षं मी खाणीवर सुरुंग लावले.
फोंड्यात, या दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा
उजवा कान तिकडेच राहिला होता,
डाव्यात अर्धामुर्धा जीव.
कुंदा म्हणते, तुम्हांला बरं आहे.

पण फटाका काही कानानंच ऐकतात असं नाही.
पाण्याचा पेला टेबलावर किंचित सरकतो.
माटोळीतलं कवंडळ दोरीवर गरगर फिरतं.
आणि तळपायांतून वर येतो तो,
जुना, ओळखीचा.

या दोन इमारतींमधली जागा सोळा पावलं.
मी मोजलीय.
तीन बाजूंना भिंती, चौथीला कंपाऊंड,
वर आभाळाचा एक पट्टा.
अशाच खड्ड्यात आम्ही दुपारी बाराला
माणसं काढून, ट्रक काढून,
वाटेवर लाल बावटा धरून
तीनदा भोंगा देत असू.
मग वात.
इथं आरती संपली की वल्लभ खाली उतरतो,
एका हातात सुतळी बॉम्बची पिशवी, दुसऱ्यात उदबत्ती.
भोंगा नाही.

वर जुलियानाचं मूल अकरा दिवसांचं.
प्रत्येक आवाजाला ते दोन्ही हात फेकतं,
कुणी उंचावरून सोडून दिल्यासारखं.
समोरच्या रेगेमास्तरांची कुत्री
न्हाणीघरात बादलीमागे, कालपासून उपाशी.

सोसायटीच्या बैठकीत मी उभा राहिलो.
वल्लभचे वडील हसून म्हणाले,
"दहा मिनिटांचा तर प्रश्न. वर्षातून एकदा चवथ.
आणि बाब, तुम्ही सांगताय हे? तुम्ही?"

मी खाली बसलो.
ते दहा मिनिटांचं वाक्य माझंच होतं.
शेवंती गावस मला मनगट धरून घरात घेऊन गेली होती.
मातीच्या भिंतीत आढ्यापासून चुलीपर्यंत भेग.
तिनं तीत करंगळी घालून दाखवली.
दहा मिनिटांचा तर प्रश्न, मी म्हणालो होतो,
आवाज मर्यादेत आहे, मीटर लावलाय.
तिनं मीटरकडे पाहिलं नाही.
मला चहा दिला. बिनदुधाचा.

काल रात्री वल्लभनं डझनभर मांडले, ओळीनं,
एकाच्या वातीला दुसऱ्याची वात.
मी गॅलरीत, अनवाणी.
सवय जात नाही, मोजतोच:
बारा भोकं तर बारा आवाज.
अकरा आले तर कुणी हलायचं नाही.
ज्याची मोजणी चुकली
त्याला आम्ही पोत्यातून घरी नेलं होतं.

धूर वर आला. पोर पुढं वाकायला निघालं.
आणि मी ओरडलो,
"थांब! एक राहिलाय!"

लुंगीवरच खाली गेलो. हात आडवे पसरले.
"अर्धा तास. कुणी पुढं यायचं नाही."
ब्लास्टर म्हणतोय म्हटल्यावर सगळे मागं सरले,
वल्लभचे वडील सगळ्यांत आधी.

अर्धा तास.
लांब कुठल्यातरी घरातलं घुमट.
नेवऱ्या तळल्याचा वास.
तिसऱ्या मजल्यावरचा दिवा विझला.
रेगेमास्तर कुत्रीला घेऊन जिन्याच्या तोंडाशी आले,
तिनं कागदाचे लाल कपटे हुंगले
आणि तिथंच, घाईघाईनं, मुतून घेतलं.

मी किती मोजले होते
ते कुंदालाही सांगितलेलं नाही.

मग वल्लभ जवळ सरकला.
"आजोबा, पिशवीतले उरलेत. उडवू?"
म्हटलं, आधी भोंगा.
त्यानं तोंडापुढं हातांचा कर्णा केला
आणि तीनदा असा घुमला, असा मनापासून,
की खिडक्या एकेक करून लागत गेल्या.
"राव मरे!" जुलियाना वरून ओरडली,
मूल आतल्या खोलीत नेऊन परत आली,
हात हलवला.
पोरगं खूश. क्षणभर मलाही वाटलं, जमलं.

जिना चढताना, सातव्या की आठव्या पायरीवर,
आठवलं:
भोंगा शेवंतीच्या घरापर्यंत
चांगला खणखणीत ऐकू जायचा.